बाहेरून कुलूप

नाचणगाव,
जानेवारीचा पहिला आठवडा

प्रिय धर्मेंद्र,

आशीर्वाद आहेतच, ते काही आईला रोखून धरता येत नाहीत. बाकी या पत्रात जे आहे ते रागाने लिहिलेलं आहे, तेव्हा सूनबाईला, मोनालीला वाचून दाखवताना काही गाळू नकोस.

गोव्याहून परत आल्यापासून रोज फोन करून तू एकच विचारतोस, की आई, कॅमेऱ्यात सगळं काळं का दिसतंय? मी कधी लाइन गेली म्हणते, कधी वायफाय बिघडलं म्हणते. लाइन गेलेली नाही. वायर मी ओढून काढली, स्टुलावर चढून, आणि पडले नाही. फोनवर खरं सांगायला गेले असते तर तू मध्येच "टेन्शन घेऊ नकोस" म्हणाला असतास आणि तुझी मीटिंग सुरू झाली असती. पत्राला मध्ये बोलता येत नाही. जन्मभर शाळेतल्या पोरांकडून पत्रलेखन करून घेतलं, आता एक स्वतःसाठी लिहिते.

तुझी काळजी खोटी होती असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात मी न्हाणीघरात घसरले, तेव्हा तू पुण्याहून रातोरात आलास. मग ओसरीत कॅमेरा लागला, फाटकापर्यंत सगळं दिसेल असा. पुलगावात दागिने पॉलिश करून देतो म्हणून दोघं जण एका म्हातारीची पोत घेऊन गेले, तेव्हा तू माझ्या गळ्यातली पोत लॉकरमध्ये ठेवलीस. फसवणुकीचे फोन येतात म्हणून नंबरही बदलून टाकला, आणि नवा नंबर तुम्ही दोघं आणि शेजारचा प्रेमदास सोडून कोणालाही द्यायचा नाही असं बजावलंस. हळूहळू मी इतकी सुरक्षित झाले की मला कोणी शोधू शकत नव्हतं.

मग आली आचलच्या शाळेची नाताळची सुट्टी आणि तुमचं गोव्याचं बुकिंग. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा तो मेसेज तू मला पाठवलास, 'सणाच्या सुट्टीत घरी सुरक्षित राहा'. त्यात एक ओळ अशीही होती, की बाहेरगावी असताना फोटो टाकू नका. मोनालीने विमानतळापासून फोटो टाकले. पण ते जाऊ दे. निघण्याआधी तू घाईघाईत इथे येऊन गेलास आणि येताना ते मोठं पितळी कुलूप आणलंस. म्हणालास, आई, फाटकाला बाहेरून कुलूप राहू दे, किल्ली प्रेमदासकडे. दूध, भाजी तो परसातल्या भिंतीवरून देईल. कुलूप दिसलं की कोणी अनोळखी दार वाजवणार नाही आणि थंडीत तूही कुठे निघणार नाहीस. मी म्हटलं, अरे बाबू, चोर तर कुलूप पाहूनच येतो. तू म्हणालास, कॅमेरा आहे ना. मी म्हटलं, आग लागली तर? तू हसलास, आणि खिडक्यांचे पडदेही ओढून घेतलेस. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. मला वाद घालायचा कंटाळा आला. चार दिवसांचा प्रश्न, पोरगं निवांत फिरून येईल, असं म्हणून मी गप्प बसले.

आता धुरपताबद्दल लिहिते. तू तिला 'ती समोरच्या आळीतली मावशी' म्हणतोस, म्हणून आठवण करून देते. ती आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. मी शाळेत जायची तेव्हा तू तिच्या ओट्यावर असायचास. तिच्या हातची ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ल्याशिवाय तुला झोप येत नसे. तुला गोवर निघाला तेव्हा तुझे बाबा दौऱ्यावर होते, तर तिने तुला खांद्यावर टाकून पुलगावपर्यंत चालत नेलं, मी मागे मागे रडत. ती चौथी शिकलेली. फोन कधी घेतला नाही. म्हणायची, मले हाक मारता येते, फोन कायले पाहिजे.

पंचवीस डिसेंबर म्हणजे तुमच्याकडे केक आणि टोप्या. आमच्याकडे मनुस्मृती दहनाचा दिवस, हे तुला माहीत आहे, लहानपणी माझं बोट धरून तू विहारात यायचास. सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून जातात. मी वंदना सांगते, धुरपता गाणं म्हणते, आणि दरवर्षी तीच मला घ्यायला येते. फाटकाशी उभी राहून ओरडते, "कौशल्ये, चाल वो, उशीर होऊन राह्यला." याही वर्षी ठरलं होतं. कुलूप लागायच्या आदल्याच दिवशी मी तिला म्हटलं होतं, मले घ्याले येजो, विसरू नको.

सकाळी उठून मी पांढरी साडी नेसले. प्रेमदासला फोन केला, की किल्ली घेऊन ये. तो दुकानात होता, म्हणाला, काकू, भाऊनं आज थंडीत सोडू नका म्हणून सांगतलं, दुपारी पाहू. मी मनाशी म्हटलं, बरं, धुरपता आली की तिलाच पाठवीन त्याच्याकडे, तिच्यापुढे त्याचं काही चालायचं नाही. आतल्या खोलीत पलंगावर बसून मी तिच्या हाकेची वाट पाहत राहिले. हाक आली नाही. विहारातला लाउडस्पीकर सुरू झाला, वंदना दुसरंच कोणी सांगत होतं. मला धुरपताचा इतका राग आला, की काय सांगू. मनात म्हटलं, गेली ना मला टाकून, पाहते आता बोलते का तिच्याशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याने अंत्ययात्रा गेली. बुद्धं सरणं गच्छामि ऐकू आलं, म्हणून मी बंद दारामागे उभी राहिले, हात जोडले, त्रिशरण म्हटलं. कोणाची आहे ते माहीत नव्हतं. भिंतीवरून प्रेमदासला विचारलं, तर तो खाली पाहत म्हणाला, तिकडच्या वॉर्डातलं कोणीतरी आहे, काकू. संध्याकाळी तुझा व्हिडिओ कॉल आला. आचलने लाल टोपी दाखवली. तू विचारलंस, जेवलीस का, गोळी घेतलीस का, सगळं ठीक ना? मी म्हटलं, हो, सगळं ठीक.

पुढे एका सकाळी प्रेमदासने सिलिंडर आत घ्यायला फाटक उघडलं. मी दारात होते. तेव्हा रस्त्याने मयुरी चालली होती, धुरपताची पोरगी, नागपूरला दिलेली. मला पाहून ती जागीच थांबली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. म्हणाली, "मावशी, तू इथंच होती काय?" आणि मग तिनेच मला सांगितलं, की तिची माय गेली. पंचवीसच्याच रात्री छातीत दुखलं, दवाखान्यात न्यायच्या आधीच गेली. त्या दुपारी रस्त्याने गेली ती अंत्ययात्रा तिचीच होती.

मयुरीने बायांकडून ऐकलेलं आणखी एक सांगितलं. पंचवीसला धुरपता विहारात एकटी गेली. बायांनी विचारलं, कौशल्याबाई कुठे? तर ती म्हणाली, "गेली वाट्टे पोराकडं पुण्याले. मले सांगतलं बी नाई." गाणं म्हटलं नाही तिने. मागे भिंतीला टेकून बसली आणि लवकर घरी गेली.

मग मी तू दिलेला तो फोन उघडला. फाटक पाहायला म्हणून तूच त्यात कॅमेऱ्याचं ॲप टाकून दिलं होतंस. त्यात पंचवीसची सकाळ आहे. पांढरी साडी नेसून ती येते. तोंड उघडते हाक मारायला, आणि कुलूप दिसतं. कुलूप हातात घेऊन पाहते, सोडून देते. कुलूप पाहून कोणी हाक मारत नाही रे धर्मेंद्र, आपल्या गावात फाटकाला कुलूप म्हणजे माणूस गावाला गेलं. ती पायरीवर बसते, छातीवर हात ठेवून. बराच वेळ बसते. मग उठून जाते. दोन भिंती आणि एक पडदा, एवढ्यावर मी बसले होते, तिच्यावर रागावून.

कुलपाने ती मेली असं मी म्हणणार नाही. वय झालं होतं, साखर होती. पण मला न सांगता निघून गेलेली मैत्रीण म्हणून तिने मला मनातून काढलं आणि मग ती गेली. याला औषध कुठे मिळतं?

प्रेमदासला मी विचारलं, का खोटं बोललास. तो रडला बिचारा. म्हणाला, भाऊले फोन केलता काकू, भाऊनंच सांगतलं, आईले कळू देऊ नका, बीपी वाढंल, आम्ही आल्यावर सांगू. म्हणजे ती लाल टोपी दाखवलीत तेव्हा तुला माहीत होतं. आणि येऊन इतके दिवस झाले, तरी तुला सांगायला वेळ मिळालेला नाही. कॅमेरा का बंद आहे, हे मात्र रोज विचारतोस.

पुढच्या महिन्यात मला पुण्याला कायमचं न्यायचं म्हणून मोनालीने खोली रंगवायला काढली आहे. रंग वाया जाईल. मी येत नाही. आणि हे पत्र त्यासाठीही लिहिलेलं नाही. येत्या रविवारी विहारात धुरपताचं पुण्यानुमोदन आहे, तिच्या नावाने वंदना घ्यायला सगळ्या बाया जमतील. मी बायांना सांगितलं, मी घरातच होते. त्या माना हलवतात. म्हाताऱ्या माणसापुढे हलवतात तशा. पाठ फिरली की म्हणतात, मैत्रिणीच्या मातीलाही आली नाही. मयुरी काही बोलत नाही, हे त्याहून वाईट. म्हणून तू ये. पत्रासोबत पार्सलमध्ये ते कुलूप आहे, दोन्ही किल्ल्यांसकट. ते घेऊन ये, आणि मयुरीसमोर, सगळ्या बायांसमोर उभा राहून एवढंच सांग, की हे मी लावलं होतं, माझी आई आत होती. धुरपताला आता सांगता येत नाही, निदान तिच्या पोरीला सांग. तुला यायला जमलं नाही तर कुलूप ठेवून घे, पण यापुढे मला कधी 'सुरक्षित राहा' म्हणू नकोस.

तुझीच,
घरातच असलेली
आई