डाव्या पापणीवरचा वण

आई, काल सावेडीच्या दवाखान्यात माझ्या डोक्याचा फोटो काढला. चक्कर येऊन पडले, एवढंच निमित्त. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, "लहानपणी डोक्यात काही घुसलं होतं का?" मी नाही म्हणाले. मग त्यांनी माझ्या डाव्या पापणीवरच्या वणावर बोट ठेवलं आणि तिथून मेंदूत आत गेलेली काळी रेघ दाखवली. तेव्हा मला ते आठवलं.

पारनेरकडचं आपलं रान, मोठ्या दुष्काळाच्या आधीचं साल. मी चारेक वर्षांची, हातात तुरीची वाळकी तुराटी घेऊन बैल हाकल्यासारखी पळतेय. ढेकळाला अडखळून तोंडावर पडते. तू धावत येतेस, पापणीत रुतलेली तुराटी उपसून काढतेस, वर हळद दाबतेस. बाबांना ओरडून सांगतेस, "अवो, काय न्हाई, कातडंच फाटलंय. डोळा शाबूत हाय." सगळ्यांनी डोळाच पाहिला. ती तुराटी संध्याकाळी भाकरीच्या जळणात गेली. किती आत शिरली होती, ते कुणी बघितलंच नाही.

मग ताप आला, तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला आणि वाचाच बसली. आजी म्हणाली, "औंदा देवीची वटी भरली न्हाईस. तिनंच न्हेला पोरीचा हात." तू तिथंच वहाणा काढल्यास. पोरीचा हात येईस्तोवर अनवाणी राहीन म्हणालीस. बोलणं हळूहळू परत आलं, हात काही आला नाही. तुझ्या भेगाळल्या पायांतले काटे मी डाव्या हातानं काढायची. डाव्या हातानं घास घेतला की आजी खेकसायची, तू मात्र कधीच नाही. सरणावरही तुझे पाय तसेच होते.

मी तुराटीचं, तापाचं, हाताचं आणि तुझ्या नवसाचं सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, "अहो, लहान मुलांचं तिथलं हाड पापुद्र्याइतकं पातळ. मेंदूत उजव्या हाताचा आणि बोलण्याचा भाग डावीकडेच असतो. तुराटीनं तोच फाडला." एवढंच! जन्मभर तू उन्हातान्हात पाय पोळून घेतलेस आणि देवीचा यात काही संबंधच नव्हता. असा संताप आला, की तुला आत्ताच्या आत्ता गाठून पायात चपला घालायला लावाव्यात.

तेवढ्यात ते म्हणाले, "रुतलेलं असं ओढून काढायचं नसतं. तसंच दवाखान्यात आणायचं असतं, नाहीतर आत आणखी इजा होते. कुणी काढली होती?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. पण खरं सांगते आई, तू नाहीस याचं काल पहिल्यांदा बरं वाटलं.