ठिगळं लावलेली चित्रं

वॉटफर्ड

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनातच बोलत होते. पण काल जे कळलं, ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

इथल्या लायब्ररीत जुन्या चित्रकथांचं प्रदर्शन भरतंय. मी ऐटीत तुमची फाइल घेऊन गेले. ते मांडणाऱ्या जेनिफरबाईंना सांगितलं, माझे वडील पुण्याच्या सांजदैनिकात एकोणीस वर्षं रोज चार चौकटी काढायचे.

तुमच्या चौकटींतले टपालवाले तात्या आठवतात ना? त्यांची बायको कमरेवर हात ठेवून उभी राहायची, अगदी आईसारखी. आईला ते कधी कळलं नाही, की कळूनही ती गप्प राहिली?

जेनिफरबाईंनी चित्रं उजेडात धरली. म्हणाल्या, ही छापखान्यातली प्रूफं आहेत, तपासायला काढलेल्या छापील प्रती; हाताने काढलेली चित्रं नव्हेत. मूळ चित्रांवर ठिगळं असतात. चेहरा चुकला की पुन्हा काढायला वेळ नसायचा, म्हणून चित्रकार त्यावर कागद चिकटवून नवा चेहरा काढायचे.

मला कुठे ठाऊक होतं? तुम्ही चित्रं काढायचात तेव्हा मी शाळेत असायचे.

मिलेनियमच्या वर्षी तुम्ही चित्रांची ट्रंक घेऊन इथे राहायला आलात. पुढे आठवडाभर कॉव्हेंट्रीला काकूंकडे गेलात, तेव्हा मी तुमची छोटी बॉक्सरूम आवरायला काढली. स्वच्छ कागद फाइलमध्ये लावले. ठिगळांचे, डागांचे सगळे कौन्सिलच्या रद्दीच्या गाडीत गेले.

तुम्ही परतल्यावर मी म्हटलं, "अण्णा, खराब झालेले पेपर्स रिसायकलिंगला दिले. रूम आता प्रॉपर वाटतेय ना?"

तुम्ही रिकाम्या ट्रंकेकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "बरं केलंस. आता पाय पसरता येतील."

एकदा तरी रागवायचं होतंत! माझ्या वाईट अक्षरावरून घर डोक्यावर घेणारे तुम्ही, तेव्हाच कसे गप्प बसलात? वर शेवटपर्यंत येईल त्या पाहुण्याला फाइल दाखवून सांगायचात, "वीणाने माझं सगळं जपून ठेवलंय." मी आतून चहा आणायचे आणि मनात खूश व्हायचे. आज ते आठवलं की मान वर होत नाही.

प्रदर्शनात आता प्रूफंच लावणार आहोत. खाली मराठीत आणि इंग्रजीत मी लिहिणार आहे: मूळ चित्रं मुलीने रद्दीत घातली. जेनिफरबाई म्हणतात, एवढं कशाला? पण मी लिहिणारच, अण्णा. तुम्ही माझी लाज राखलीत, पण ती आता मला राखायची नाही.

तुमची,
वीणा