तुझ्या लिलीला फुलं आली

दिग्रस,
ता. २१ एप्रिल १९६१

चि. वच्छला हीस पुंडलिकरावाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो, पण शेतापर्यंत जाऊन येतो. मास्तरकीच्या ट्रेनिंगच्या परीक्षेचे पेपर बरे गेले हे वाचून समाधान वाटलं. तुझं कार्ड येऊन आठ दिवस झाले. त्यात विचारलेल्याचं उत्तर याच पत्रात देतो, पण आधी मला फुलांचं लिहू दे.

तुझ्या लिलीला फुलं आली! एकेका दांड्यावर चार-चार, भोंग्यासारखी, लालभडक, पाकळीच्या मधोमध पांढरी रेघ. पान एकही नाही. नुसता हिरवा दांडा मातीतून सरळ वर आला आणि टोकाशी उमलला. बाजाराच्या दिवशी गाडीवाले थांबून विचारतात, "हे कायचं झाड हाय जी?" मी ऐटीत सांगतो, "आमच्या सूनबाईचं."

खरं तर ऐट करण्यासारखं माझं त्यात काही नाही. दिवाळीला तू आली नाहीस, अभ्यास आहे म्हणून कळवलंस. मला राग आला. तुझ्यावर काढता येईना, म्हणून तुझ्या लिलीच्या कुंड्यांवर काढला. त्या दिवसापासून पाण्याचा थेंब घातला नाही. पानं पिवळी पडली, वाळून झडली. माघात मी कुंड्या उकिरड्यावर रिकाम्या करायला निघालो, तर शेजारच्या हुस्नाबीने कुंपणावरून पाहिलं.

"भाऊ, कुठं चालले हे घेऊन?"

"मेले. फेकून देतो."

ती लगबगीने आली. मातीत हात घालून कांदा उपसला, अंगठ्याने दाबून पाहिला. "कडक हाय. मेला नाही, झोपला हाय. हिवाळ्यात याचं पानी तोडाच लागते, तवाच फुलते. तुमाले कोनं सांगतलं? लई जपलं भाऊ तुमी."

मी मान खाली घातली. कुंडी खाली ठेवली.

साहेबाच्या बंगल्यावरच्या माळ्याची लेक ती, हे तुला माहीत आहेच. पण तिचे हात मी त्या दिवशी प्रथम पाहिले. काळी माती, नाल्याची रेती आणि जुनं शेणखत तिने चाळून एकत्र केलं. तू आणलेल्या तीन कांद्यांना बाजूने सहा पिल्लं धरली होती. मी एक ओढायला गेलो तर म्हणाली, "ओढू नोका. ज्याले सोताची मुळं आली, ते आपोआप सुटते." आणि तिने दोन बोटांनी नुसतं हलवलं, तर एकही मूळ न तुटता ती सुटी झाली. मोठे कांदे कुंड्यांत लावले, मान मातीबाहेर ठेवून; नाहीतर सडतात म्हणे. पिल्लांसाठी तिच्या मालकांनी, हबीबमियांनी, पत्र्याच्या डब्यांना खाली भोकं पाडून दिली. ती शाळेची पायरी चढलेली नाही, आणि मी मराठी शाळेची फायनल पास झालेला, तिच्यापुढे विद्यार्थ्यासारखा बसलो होतो.

पाडव्यानंतर पहिली कळी फुटली तेव्हा ती म्हणाली, "वच्छला असती तं नाचली असती." आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं.

तेच आता तुला लिहितो. आपला रामराव गेला, त्याच्या पुढच्या जूनमध्ये तुझं ट्रेनिंगचं बोलावणं आलं होतं. ते पोस्टात हरवलं नव्हतं. पोस्टमनने माझ्या हातात दिलं, मी वाचलं आणि चुलीत घातलं. तू महिनाभर रोज दुपारी उन्हातून पोस्टात विचारायला जात होतीस, मी ओट्यावरून पाहत होतो. मुलगा गेला, आता सूनही गेली तर या घरात हाक कोणाला मारू, एवढंच डोक्यात होतं. तुझं एक वर्ष मी खाल्लं. तू कुरकुरली नाहीस. पुन्हा अर्ज केलास, आणि मलाच समजावलंस, "मामाजी, पोस्टातल्या मानसाचा तरी काय दोष?"

हुस्नाबीने ऐकून घेतलं. मग पदर झटकून उठली. "मले कायले सांगता? जिची चिठ्ठी होती तिले सांगा." दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, कुंड्या पाहिल्या, विचारलं, "लिवलं?" मी म्हणालो, नाही. तशीच परत गेली.

आता तुझं कार्ड. राजूरच्या खाणीवरच्या शाळेत जागा मिळते आहे, पण मामाजी एकटे, तर नाही म्हणून कळवू का, असं तू विचारतेस. मी नुसतं 'ये' लिहिलं असतं तर तू आली असतीस. ते ठाऊक आहे, म्हणूनच वरचं सगळं आधी लिहिलं. वच्छला, माझ्यासाठी नाही म्हणू नकोस. हुस्नाबीच्या सुनेला, रौशनला, तू भांडी घासता घासता दोन महिन्यांत वाचायला शिकवलंस. अशी मास्तरीण खाणीवरच्या लेकरांना मिळते आहे, ती मी अडवू? एकदा अडवली तेवढं पुरे.

भाकरी थापायला शिकलो आहे. करपते, पण पोट भरतं.

पाकीट हुस्नाबी स्वतः पोस्टात टाकणार आहे. माझ्यावर तिचा भरवसा नाही, आणि ते बरोबरच आहे.

ज्याला यापुढे मामाजी म्हणायचं की नाही हे तू ठरवायचं, तो
पुंडलिक