विळ्यावरचा तांबडा थर

४ जुलै
दहावीच्या विज्ञान भाग १ ला तिसऱ्यांदा बसतोय. पेपर अकराला. आज पहिलं समीकरण न बघता जमलं. CaO + H₂O → Ca(OH)₂, अधिक उष्णता. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की बादली चटका देते, ते हेच. संयोग अभिक्रिया. पलूसला आबांच्या द्राक्षबागेत कामाला आहे, तीन वर्षं हे हातानं करतोय, आणि पेपरात दोनदा कोरं सोडलं!
आबा फौजेतून हवालदार होऊन आलेले. वही बघून म्हणाले, "इरफान, आता चुन्याच्या पोत्यावर बी लिव्हशील तू."
लिहून झालंय. खडूने.

६ जुलै
दिवसभर झड. अभ्यास चांगला.
बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाच्या एका टाकीत अभिक्रियेचे दोन प्रकार सापडले. मोरचूद आणि चुन्याचं पाणी एकत्र केलं की दुहेरी विस्थापन. मग त्यात विळा बुडवून बघायचा. मोरचूद जास्त उरलं असेल तर पात्यावर तांबं चढतं. पातं तांबडं म्हणजे चुना कमी. तसंच फवारलं तर कोवळं पान करपतं. हे साधं विस्थापन. Fe + CuSO₄ → FeSO₄ + Cu. दोन्ही बाजू मोजल्या. परत मोजल्या. बरोबर.

८ जुलै
उघाड मिळाली. पानांवर डाऊनी बुरशीचे ठिपके, त्यामुळे आबांना घाई. माप नेहमीचं, दोनशे लिटरला एक किलो मोरचूद, तेवढाच चुना. पण चुन्याची बादली गरमच झाली नाही. तिथेच थांबायला हवं होतं.
विळा घासून आणेपर्यंत आबांनी पंप सुरू केलेला. तीन ओळी झाल्या होत्या.
"आबा, थांबा. विळा बघू."
"माप घातलंय न्हवं? मग झालं." त्यांनी विळा बुडवला, लगेच काढला. "हे बघ. काय न्हाई."
"मिनिटभर ठेवावा लागतो."
"व्हय, आनी आभाळ थांबंल तुझ्यासाठी!"
मी पंप बंद केला. आबांसमोर. विळा बुडवून साठ मोजले. पातं तांबडं.
मग सांगून टाकलं. चार तारखेला पोत्याचं तोंड मीच उघडं ठेवलं होतं, ओल्या हवेनं चुना मेला, चूक माझी.
आबांनी पात्यावरचा थर अंगठ्यानं पुसून बघितला. मग, "जा. नवा चुना आण. पळ."
नव्या चुन्यानं बादलीला हात लावू दिला नाही. तो टाकीत ओतला, विळा साठ मोजेपर्यंत चकचकीत. बाकीची बाग फवारली. त्या तीन ओळी धुवायला निघालो तर पावसाची सर आली. धुऊन निघालं की आणखी मुरलं, कोण जाणे.

९ जुलै
आबांनी त्या तीन ओळींच्या खांबांना फडकी बांधलीत. "पान करपलं तर तुझा विळा खरा. न्हाई करपलं तर तू माझा पंप फुकाट बंद केलास."
करपायला दोन-तीन दिवस लागतात. आज सगळं हिरवं. पाच वेळा बघितलं.
"नजर लागंल लेका! अभ्यासाला जा."

११ जुलै
पेपर झाला. विस्थापन उदाहरणासह विचारलं होतं. पुस्तकात जस्त आहे, मी लोखंड लिहिलं. अपघटनाला चुनखडी, भट्टीत भाजली की कळीचा चुना.
तिथून थेट बागेत. दुसऱ्या ओळीत चार पानांच्या कडा पिवळट. आबा म्हणाले, "सावली हाय ती."
समीकरण चुकलेलं नाही, याची खात्री आहे. पण खरं ठरायचं तर आबांची पानं जळायला हवीत, आणि तीही माझ्या हातून. सावलीच असावी.
पलीकडच्या प्लॉटसाठी नवी टाकी तयार होती. आबा तिच्यापाशी उकिडवे, विळा आत बुडवलेला. मला बघून ओठ हलायचे थांबले.
"साठच न्हवं रं?"
"साठ."
"मग बोलू नगंस. चुकलो. परत पयल्यापासनं."
मी पोत्याचं तोंड बांधलं. वर आणखी एक गाठ मारली. ती चार पानं सकाळी उन्हात परत बघायची.