कवचाच्या आतल्या खाचा

हार्टविग साहेब,

तुमचं पुस्तक बोटीवरच्या खलाशाने आणून दिलं. मी चाळिशीत आपली आपण वाचायला शिकले, त्यामुळे वेळ लागला, पण सगळं वाचलं. बेटागणिक प्राणी कसे बदलत गेले, हे तुम्ही नीट मांडलं आहे. पुढे मात्र इथून नेलेल्या कवचांबद्दल लिहिलं आहे, 'तीन कासवं कोणत्या बेटावरची, हे स्थानिकांना ठाऊक नव्हतं.'

ठाऊक नव्हतं? माझ्या नवऱ्याने, कासवांची शिकार करणाऱ्या निकानोरने, तुम्हाला समोर उभं राहून सांगितलं होतं. "साहेब, बेटाचं नाव लिहून ठेवा. हे घुमटासारखं कवच सान्ता क्रूझचं, तिथे गवत तोंडाशी असतं. हे मानेपाशी उचललेलं पिन्सोनचं, तिथे निवडुंगासाठी मान ताणावी लागते."

तुम्ही हसलात. "अरे, कासव ते कासव. तू आपलं त्यांचं तेल काढ." आणि सगळी कवचं एका ढिगात टाकलीत.

आता कवचाच्या आत, शेपटीकडच्या कडेला बघा. आमचे शिकारी तिथे सुरीने खाचा पाडतात. सान्ता क्रूझला एक, पिन्सोनला दोन. निकानोर मार्चमध्ये वारला, खाचा आहेत. त्याचं नाव घाला आणि ते वाक्य काढा.

हे पत्र मी याआधी तीनदा लिहिलं, पण टपालात टाकलं नाही. कारण तिसरं कवच निकानोर डोंगरावर असताना मीच तुम्हाला दिलं. त्याची कड झिजून खाच गेली होती. त्याआधी नऊ वर्षं मी त्यात कपडे धुतले, आणि ते कुठल्या बेटाचं, हे निकानोरला एकदाही विचारलं नाही.

एउदोसिया मोरेरा
इसाबेला बेट