विहिरीवरची मोटर

आमच्या घरच्या फिटरीणबाईंना सप्रेम नमस्कार,

मी मजेत आहे. खोकलाही जवळजवळ गेला, काळजी करू नकोस.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मोटर नुसती गुणगुणत होती, फिरत नव्हती. मेकॅनिक चार दिवस येतो येतो म्हणत राहिला आणि शेवटी तूच कंडेन्सर बदलून टाकी भरलीस! आमचे फोरमन म्हणाले, "अरे, तुझ्याऐवजी वहिनींनाच बोलवायला हवं होतं." माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

मी दुरुस्ती करायचो तेव्हा तू नुसती टॉर्च धरून उभी असायचीस, असं मला वाटायचं. तू तर सगळं शिकत होतीस.

मेन स्विच आधी बंद केला होतास ना? खरं सांग. आणि "हे बायकांचं काम नव्हे" म्हणणारी आई आता काय म्हणते? चिमी माझी आठवण काढते ना?

शेजारच्या काकूंनी त्यांची मोटर बघायला बोलावलंय, जाऊ का, असं विचारलंयस. विचारतेस काय, जा! पान्यांची पेटी माळ्यावर आहे. तिच्यावर माझं नाव आहे, त्याच्या वर तुझं लिही.

तुझाच,
चिमीचे बाबा