आधी बोलू द्यायचं

वॉशिंग्टन, ४ मार्च १८४०

ती. हल्दाताईस,
सा. न. वि. वि. वर्तमानपत्रात वाचण्याआधी माझ्याकडूनच ऐक. गुलामगिरीविरुद्ध ठराव मांडला म्हणून सभागृहानं माझ्यावर ठपका ठेवला. उत्तर द्यायला उठलो, तर खाली बसवलं. मी काँग्रेसच्या सभागृहातली जागा सोडली आणि त्याच जागेसाठी पुन्हा उभा राहतोय.

त्यात तापानं अंथरूण धरलंय. प्रचाराला येणं शक्य नाही. धास्ती आहे ती आसाहेलदादाची. तो पक्षाचा पक्का माणूस, मी पक्ष फोडतोय असंच म्हणत आलाय. अर्धा तालुका त्याच्या शब्दाबाहेर नाही. त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली तरी माझं राजकारण संपलं. त्याला हे पत्र वाचून दाखव. मला धीर नाही.

तुझी माया आहेच, तेवढ्यावर तग धरून,
लायमन

एल्म क्रीक, ओहायो, २ एप्रिल

चि. लायमन यास अनेक आशीर्वाद.
आधी घाम पूस. निवडून आलास, तेही दणक्यात. आता डोकं टोपीत मावेल ना?

पत्र वाचलं तेव्हा दादा साखरेसाठी मेपलच्या झाडाचा रस आटवत होता. ठरावाचं ऐकून त्यानं नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. तुला खाली बसवलं हे मात्र त्यानं पुन्हा वाचायला लावलं. रस करपला, मी ओरडले, त्याला भान नव्हतं.

गावसभेत तो अध्यक्षाच्या खुर्चीवरून उतरला. म्हणाला की, लायमनचं म्हणणं मला पटत नाही. पण इथे पिऊन आलेल्या एबेनचंही आपण पुरतं ऐकून घेतो, मग आपण पाठवलेल्या माणसाला गप्प करणारे ते कोण? पहिली टाळी एबेनचीच. मला रडूच आलं रे.

औषध वेळेवर घे. आमची आठवण ठेव.
हल्दाताई

वॉशिंग्टन, १२ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.
ताप उतरला. तुझे उपकार कसे मानू? फक्त एक सांगतो. ज्यांना जन्मात कुणी बोलू दिलं नाही, त्यांच्यासाठीच मी उठलो होतो. ते पटलं नाही तरी राग नाही.

आशीर्वाद असू दे.
लायमन

एल्म क्रीक, २५ एप्रिल

चि. लायमन यास आशीर्वाद.
उपकार वगैरे पुरे. पत्र वाचल्यावर दोन दिवस झोप नव्हती. सोबत गुलामगिरी बंद करा असा गावाचा अर्ज पाठवतोय. पहिली सही माझी आहे.

सभागृहात मोठ्यानं वाच.
दादा